आपले पत्र आणि त्यांचे पत्र

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गाला मी निबंध घातला होता, 'मी वर्तमानपत्र बोलतोय'. हा विषय शाळेइतकाच जुना. बहुतेक वह्यांतले वर्तमानपत्र पहाटे उठते, सायकलवर बसून घरोघर जाते, आणि अखेरीस भेळेचा पुडा होऊन कृतार्थ होते. एका मुलीने मात्र लिहिले होते, "मी रोज खरे बोलतो; पण ज्यांच्या घरी माझा जन्म झाला त्यांच्याविरुद्ध मी बोलत नाही." त्या वाक्याखाली मी लाल शाईची रेघ ओढली खरी, पण समासात 'चूक' लिहावे की 'छान', हे काही केल्या सुचेना. वही तशीच बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य वाचून दाखवले. आमच्यातले एक वडीलधारे गुरुजी हसले आणि म्हणाले, "अहो बाई, आजच्या पत्रांची हीच तर गत आहे! पूर्वीचे संपादक बघा. टिळक बघा, आगरकर बघा. कसे निःपक्षपाती!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी जाताना चिंचवडच्या चापेकर चौकात बस थांबली, आणि मनात आले, की टिळक आणि आगरकर दोघेही निःपक्षपाती होते, तर मग ते एकमेकांशी भांडले कशापायी?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून इतिहासावर बोलण्याचा अधिकार मिळतो असे नाही. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांच्या लेखांचे संग्रह वाचनालयातून आणून ठेवले होतेच. ते या निमित्ताने पुन्हा काढले, आणि या खेपेस आळीपाळीने वाचले. एक लेख 'केसरी'तला, लगेच एक 'सुधारका'तला. वाचकहो, असे वाचून पाहा. शाळेत आपण या दोघांना एका चौकटीत शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन तसबिरी म्हणून ओळखतो. आळीपाळीने वाचू लागले, की तसबिरी हलू लागतात आणि घरात आवाज चढतो.

निःपक्ष पत्राची गोष्ट मुळात आपल्याकडे फारशी घडलेलीच नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, ते नव्या विद्येची बाजू घेऊनच. १८४२ साली अहमदनगरास निघालेला 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचा. १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त येऊ लागली, ती तर जुन्या समाजावर केलेली उघड फिर्याद. १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला, तो सत्यशोधकांचा. आणि १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' व 'केसरी' निघाले, ते चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींचे. यांतले एकही पत्र कोणाचेच नाही असे नव्हते. प्रत्येकाचे घर ठाऊक होते, दार उघडे होते, आणि दारावर पाटी होती.

हा काही आपल्याच मातीचा गुण नव्हे. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिथेही असेच झाले. फेनो नावाच्या संपादकाने १७८९ साली सरकारपक्षाचे पत्र काढले. त्याला उत्तर म्हणून १७९१ त फ्रेनो या कवीने दुसरे. नावांतही एका अक्षराचाच काय तो फरक! हा फ्रेनो जेफरसनच्या परराष्ट्र खात्यात वर्षाला अडीचशे डॉलरवर भाषांतराचा कारकून होता, आणि त्याच सरकारातल्या हॅमिल्टनवर आपल्या पत्रातून आसूड ओढत होता. म्हणजे एका मंत्र्याने पगारी कारकून ठेवावा आणि त्याने दुसऱ्या मंत्र्याची रोज हजेरी घ्यावी, असा तो प्रकार. पुढे १७९८ त तिथल्या सरकारने राजद्रोहाचा कायदा केला, दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मॅथ्यू लायन या लोकप्रतिनिधीला चार महिने तुरुंगात घातले, तर लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बाश हा 'अरोरा' पत्राचा संपादक. त्याच्यावर खटला उभा राहिला, पण निकालाआधीच पिवळ्या तापाच्या साथीत तो गेला.

या साऱ्या धुमश्चक्रीत मला सर्वांत आवडली ती एक टपालाची गोष्ट. १७९२ च्या टपाल कायद्याने तिथल्या संपादकांना एकमेकांची पत्रे विनामूल्य पाठवण्याची सवलत मिळाली होती. म्हणजे शत्रूचा अंक रोज सकाळी टेबलावर हजर! शिवी द्यायची तर वाचून द्या, एवढी तजवीज खुद्द सरकारने करून ठेवलेली. पक्षाच्या पत्राला पक्षाबाहेरची एक खिडकी असली पाहिजे, ती ही.

आता पुण्याकडे येऊ. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, हे पुष्कळांना आठवत नाही. टिळक आणि आगरकर एकाच साली, १८५६ त, जन्मलेले. एकाच ध्येयाने त्यांनी शाळा काढली, पत्रे काढली, आणि एकत्रच तुरुंगातही गेले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे, त्यात दिवाण बर्व्यांचे अंग आहे, अशी पत्रे हाती आली आणि ती खरी मानून छापली गेली. पत्रे बनावट निघाली. दोघांनाही १८८२ त डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. आपण हा प्रसंग पराक्रम म्हणून शिकवतो. त्यात पराक्रम आहेही. पण शिक्षिकेच्या नजरेने पाहिले, तर ती एक चूकही होती, आणि चुकीचे कारण फार ओळखीचे आहे. मजकूर आपल्या रागाला अनुकूल होता, म्हणून तो खरा वाटला. पक्षाच्या पत्राचा हा पहिला रोग. खोटे बोलण्याची इच्छा नसतानाही ते खोटे छापते, कारण खरे-खोटे पाहण्याआधी ते आपले-परके पाहते.

त्याच प्रसंगातली दुसरी बाजू मात्र मन भरून टाकणारी आहे. या दोघांच्या जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन दिला रामशेठ उरवणे यांनी, तोही महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून. ज्या चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने फुल्यांची मनसोक्त टवाळी केली होती, त्यांच्याच कंपूतले हे दोघे तरुण! मत राहिले बाजूला, आणि माणूस तुरुंगात जातो आहे म्हटल्यावर हात पुढे आला. भांडणाला कुठे कुंपण घालायचे, हे त्या पिढीतल्या काहींना कळत होते.

१८८७ च्या अखेरीस आगरकरांनी 'केसरी' सोडला, आणि १५ ऑक्टोबर १८८८ ला 'सुधारक' निघाला. आता दोन पत्रे, दोन घरे. आणि कादंबरीकार म्हणून मला जे सांगायचे आहे ते इथे, भाषेविषयी.

टिळकांचे गद्य वकिलाचे आहे, पण अशा वकिलाचे, की ज्याची साक्षीदारांशी जानपछान आहे. प्रतिपक्षाचा एकेक मुद्दा ते समोर बसवतात आणि एकेकाला उठवून लावतात. मध्येच एखादी घरगुती म्हण येते, की चावडीवरचा माणूसही हसावा. त्यांच्या मथळ्यांतसुद्धा प्रश्न असा, की उत्तर वाचणाऱ्याच्याच तोंडून निघावे. १८९७ तला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा आजही शाळकरी मुलाला तोंडपाठ असतो. आगरकरांचे गद्य वेगळे. वाक्ये लांब, संस्कृताने भारलेली, मिल आणि स्पेन्सर पचवलेली. 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' करणारा हा माणूस. त्याला ताल कळतो. पण ज्ञानाचा एवढा भार घेऊन ते लिहितात कशावर? तर बायकांनी जाकिटे घालावीत की नाहीत यावर! मला यात आगरकरांचे मोठेपण दिसते. घरातली, चुलीपाशीची, बोलायची लाज वाटणारी गोष्ट त्यांनी अग्रलेखाच्या योग्यतेची मानली. टिळकांनी वाचक गोळा केला, आगरकरांनी विषय गोळा केले. मराठी निबंधाला या दोन्हींची गरज होती.

आता कसोटीचा प्रसंग. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय दहा होते, ते बारा करायचे. पाठीशी बंगालमधल्या फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा मृत्यू होता. लग्न झालेली. 'सुधारका'ने कायद्याची बाजू घेतली, 'केसरी'ने विरोध केला. पुण्यात रान पेटले. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, ती याच काळच्या कडवटपणातून.

टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचे म्हणणे नीट मांडते. बालविवाह उत्तम, असे ते म्हणत नव्हते. उलट मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, असे बंधन सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, ही सूचना १८९० त त्यांनीच केली होती. त्यांचा मुद्दा असा, की परक्या सरकारने आपल्या घरात कायद्याने शिरू नये. समाजाने आपले आपण सुधारावे. डॉ. भांडारकरांसारख्या पंडिताशी त्यांनी गर्भाधानाच्या शास्त्रार्थावर वाद घातला, आणि तो आधार देऊन घातला. वाद म्हणून पाहिले तर टिळकांचे लेख अधिक रेखीव आहेत, हे मला कबूल केले पाहिजे.

पण मी सहावीचा वर्ग शिकवते. माझ्या पुढच्या बाकांवर अकरा वर्षांच्या मुली बसतात. कोणाच्या वेणीची रिबीन सुटलेली, कोणाचा दात नुकताच पडून नवा येतो आहे. 'केसरी'तला तो रेखीव युक्तिवाद वाचून मी वर्गात गेले, आणि हजेरी घेताना माझा आवाज बसला. कायदा ज्यांच्याविषयी होता, त्या या. परके सरकार, स्वराज्य, शास्त्र, लोकमत हे सगळे शब्द मोठे आणि खरे. पण त्या शब्दांच्या रांगेत ही मुलगी कुठेच उभी नाही. आगरकरांच्या लेखात ती उभी आहे. म्हणून माझे मत आगरकरांकडे. टिळकांचे गद्य मला आजही जास्त आवडते, आणि या एका बाबतीत त्या गद्याने चुकीच्या बाजूची चाकरी केली असे मला वाटते. चांगले लिहिणारा हा बरोबरच असतो, ही आम्हा भाषेच्या शिक्षकांची अंधश्रद्धा आहे. ती मी या उन्हाळ्यात सोडली.

बरे, ती मुलगी 'सुधारका'त उभी आहे म्हणून सगळेच तिथे उभे होते, असेही नाही. १८८१ त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने सनातनी पत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर कोरडे ओढले. त्याला उत्तर द्यायला एकही पत्र ताराबाई शिंदे यांच्या मालकीचे नव्हते. म्हणून १८८२ त त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तकच छापले. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून 'दीनबंधु' चालवीत होते, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडत होते. १८९० त ती मिळाली. आमच्या पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतला कामगार आठवड्याच्या सुट्टीत आज पोरांना घेऊन मोरया गोसावींच्या दर्शनाला जातो, त्या सुट्टीची मुळे तिथवर पोहोचतात. पण पुण्याच्या दोन मोठ्या पत्रांचे भांडण शिकवताना हे तिसरे पत्र आपण शिकवत नाही. आणि ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नाही, ही तक्रार पुढे डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवली आहे. विरोधकाशी भांडणे हा पक्षाच्या पत्राचा धर्म. पण तो अस्तित्वातच नाही असे दाखवणे, हा त्या पत्राचा दुसरा रोग, आणि पहिल्याहून वाईट.

आता आमच्या गावाची गोष्ट. चापेकर बंधू चिंचवडचे. १८९७ त पुण्यात प्लेग आला, आणि रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासताना लोकांचे जे हाल केले त्यावर 'केसरी' तुटून पडला. १५ जूनच्या अंकात शिवाजीमहाराजांविषयी मजकूर आला, अफझलखानाच्या वधाची चर्चा आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता. आरोप होता राजद्रोहाचा. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ पुढे १८९८ आणि १८९९ त फासावर गेले.

चौकातून जाताना मुले मला विचारतात, "बाई, केसरी वाचून त्यांनी असे केले का?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा शिक्षक मला भेटलेला नाही. मी त्यांना खटल्याची गोष्ट सांगते. लेख मराठीत होते. न्यायमूर्ती स्ट्रॅची आणि नऊ जणांची ज्यूरी, त्यांतले सहा युरोपियन. म्हणजे मराठी शब्दांचा न्याय इंग्रजी भाषांतरावरून झाला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. सरकारविषयी प्रेम नसणे हीच अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्तींनी लावला. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळक स्वतः उभे राहून भाषांतरातल्या चुकांवर बोलत राहिले. सातास दोन मतांनी पुन्हा दोषी ठरले, आणि मंडालेला गेले. म्हणी, उपरोध, प्रश्नार्थक मथळे, टिळकांच्या गद्याचे जे जे बळ, तेच भाषांतरात पुरावा झाले. अमेरिकेतल्या संपादकांना निदान आपल्या भाषेत शिक्षा झाली, आणि त्यांचा कायदा १८०१ त संपला. आपले राजद्रोहाचे कलम १८७० चे. ज्या दंडसंहितेत ते होते, तिची जागा १ जुलै २०२४ ला नव्या संहितेने घेतली.

म्हणून मी टिळकांना चुकले म्हणते तेव्हा एक गोष्ट विसरत नाही. त्यांनी आपल्या बाजूची किंमत स्वतः भरली. आगरकरांनीही भरली, दम्याने आणि दारिद्र्याने खंगून वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १७ जून १८९५ ला, ते गेले. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते, असे सांगतात. इतकी वर्षे एकमेकांचे शब्द सोलून काढल्यावर त्या माणसाला त्याच्याइतके दुसरे कोणी वाचले होते?

तेव्हा गुरुजींना माझे उत्तर एवढेच आहे. पूर्वीचे संपादक निःपक्ष नव्हते, आणि त्यासाठी त्यांना मान देण्याचे कारणही नाही. मान द्यायचा तो दारावर पाटी लावल्याबद्दल, आणि समोरच्याचा लेख वाचून मगच उत्तर लिहिल्याबद्दल. जिथे त्यांनी वाचले नाही, जिथे 'मूकनायका'सारख्याला दाराबाहेर ठेवले, तिथे ते आपल्याइतकेच लहान होते. आज आपण ज्या पत्राला नावे ठेवतो ते पक्षपाती असते म्हणून नव्हे, तर ते आपला पक्ष लपवते म्हणून. आणि आपणही घरी एकच पत्र घेतो, त्याला 'आपले पत्र' म्हणतो, आणि शेजारच्याचे पत्र त्याच्या दारात पडलेले पाहून नाक मुरडतो.

आमच्या वस्तीत विदर्भाचे, मराठवाड्याचे, कोकणातले, परप्रांतातले बिऱ्हाडकरू आहेत. प्रत्येकाच्या दारात वेगळे पत्र पडते. सहामाही परीक्षेआधी मी वर्गाला सांगितले, की एक दिवस आपले पत्र शेजाऱ्याला द्या आणि त्याचे आणा. एकच बातमी दोन्हींत शोधा. मुलांनी कात्रणे आणली, पाटावर मांडली आणि मोठ्याने भांडली. दिवाळीला फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातातच. त्या ताटावर झाकायला कालचे आपले पत्र घातले, तर शेजारी ते वाचेल तरी. चकलीच्या तेलाचे डाग पडले तरी अक्षरे दिसतात.

ती वही मी शेवटी परत केली. त्या वाक्याशेजारी 'चूक'ही लिहिले नाही आणि 'छान'ही नाही. लिहिले, "घर कोणाचे ते पहिल्याच ओळीत सांग." मुलीने दुसऱ्या दिवशी निबंध पुन्हा लिहून आणला. पहिली ओळ अशी होती, "माझा जन्म चिंचवडला झाला, आणि माझ्या शेजारी आणखी एक वर्तमानपत्र राहते."

मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. एक राखून ठेवला आहे. शेजारचे पत्र काय म्हणते, ते तिने अजून लिहिलेले नाही.